पारगाव तर्फे आळे आणि ट्राफल्गार

जुन्नर आणि आंबेगाव या शेजारच्या दोन तालुक्यांत पारगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे. आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे खेड आहे आणि पारगाव तर्फे अवसरी बुद्रुकही आहे. पाकिटावर नुसते ‘पारगाव’ लिहून पत्र पेटीत टाकले तर पोस्टमनची पंचाईतच व्हायची! पूर्वीच्या महसूलव्यवस्थेत परगण्याचे लहान भाग पाडलेले असत, त्यांना ‘तर्फ’ म्हणत. कोणते पारगाव हे ओळखता यावे म्हणून ते कोणत्या तर्फेतले, हे नावापुढे जोडले गेले. तर्फा केव्हाच गेल्या, पण गावांच्या नावांतून त्या अजून हललेल्या नाहीत.

हा ‘तर्फ’ शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ बाजू, कड, टोक. आपण ‘एकतर्फी सामना’ म्हणतो, ‘रस्त्याच्या दुतर्फा झाडे’ म्हणतो, ‘शाळेतर्फे सहल’ म्हणतो, तिथे हाच शब्द आहे. आता नकाशाच्या पुस्तकात स्पेन देश काढा. त्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर समुद्रात घुसलेले एक भूशिर दिसेल. त्याचे नाव ट्राफल्गार. १८०५ साली नेल्सनच्या इंग्रजी आरमाराने फ्रान्स आणि स्पेनच्या आरमारांचा पराभव केला तो याच्याजवळ. लंडनमधला प्रसिद्ध चौक त्या लढाईच्या नावाचा. ट्राफल्गारमधला पहिला तुकडा म्हणजे ‘तरफ’. उरलेल्या भागाचा अर्थ गुहा की पश्चिम याविषयी मतभेद आहेत, पण ‘तरफ’विषयी नाहीत. म्हणजे पारगाव तर्फे आळे आणि ट्राफल्गार या दोन नावांत एक शब्द सामाईक झाला.

तो दोन्हीकडे पोचला कसा? स्पेनवर अरबी भाषिकांचा अंमल ७११ साली सुरू झाला आणि ग्रॅनडा पडेपर्यंत, म्हणजे १४९२ पर्यंत, कोठे ना कोठे टिकून राहिला. तिकडे अरबी लोकांच्या तोंडूनच आली. आपल्याकडे मात्र ती बहुतांशी फारसीच्या पाठीवर बसून आली. बहमनी राज्यात आणि पुढे निजामशाहीत दरबाराची भाषा फारसी होती, आणि फारसीत अरबी शब्द इतके मुरलेले होते की ते वेगळे काढणे कठीण. म्हणूनच आपल्या कचेऱ्यांत दोन्ही भाषांचे शब्द शेजारी शेजारी नांदतात. अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द यांतले ‘बुद्रुक’ (मोठे) आणि ‘खुर्द’ (लहान) हे फारसी. ‘बुद्रुक’ म्हणजे आपला ‘बुजुर्ग’च. ‘तालुका’ अरबी, त्यात जोडलेले असणे हा भाव आहे. ‘जिल्हा’ अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. तो अर्थ आहे बरगडी! बरगडीवरून बाजू असा अर्थ झाला. अरबी भूमितीत त्रिकोणाच्या बाजूलाही हाच शब्द वापरतात.

किल्ले शिवनेरीतला ‘किल्ला’ही अरबी ‘कल्अ’ पासूनचा. स्पेनमध्ये अल्काला नावाची अनेक गावे आहेत, ती याच शब्दाची. पुण्यातल्या कसबा पेठेचे नाव आणि अल्जीयर्स शहरातल्या जुन्या वस्तीचे ‘कसबा’ हे नाव एकच. आपल्याकडचे ‘काझी’ आडनाव आणि स्पेनमध्ये नगराध्यक्षाला म्हणतात तो ‘अल्काल्दे’ हेही एकच, कारण दोन्हींच्या मुळाशी न्यायाधीश या अर्थाचा अरबी शब्द आहे. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रघुनाथ पंडितांकडून करवून घेतला. ‘मुजुमदार’ हे पद ‘अमात्य’ झाले. तरीही ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ तेवढे राहिलेच.

अरबी शब्द ओळखण्याची एक युक्ती आहे. या भाषेत बहुतेक शब्दांचा सांगाडा तीन व्यंजनांचा असतो. सांगाडा तोच ठेवायचा आणि मधले स्वर बदलायचे, पुढेमागे एखादे अक्षर जोडायचे, की नवा शब्द तयार. ‘ह-स-ल’ हा सांगाडा घ्या. त्यात हाती येणे, मिळणे हा अर्थ आहे. त्यापासून ‘तहसील’ म्हणजे वसुली, ‘महसूल’ म्हणजे जे वसूल झाले ते, आणि ‘त्याने काय हशील?’ मधला ‘हशील’ म्हणजे प्राप्ती. तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर यांतले किती शब्द सापडतात ते पाहा. असाच ‘म-ल-क’ हा सांगाडा सत्तेचा आणि मालकीचा. त्यातून ‘मलिक’ (राजा), ‘मालक’ आणि ‘मुलूख’ आले.

या ‘मलिक’ शब्दापाशी जरा थांबू, कारण इतिहासाच्या पुस्तकात तो पुष्कळांना चकवतो. मलिक काफूर, मलिक अहमद, मलिक अंबर ही नावे ओळीने वाचली की एखाद्या मलिक घराण्यातले पुरुष असावेत असे वाटते. त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दख्खनमध्ये ‘मलिक’ ही सरदाराची पदवी होती, आडनाव नव्हे.

ही चूक परक्या प्रवाशांच्याही वाट्याला आली. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून घाट चढला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. त्याने विकण्यासाठी एक घोडा आणला होता. जुन्नरचा अधिकारी असदखान याने तो काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन असे सांगितले. खुरासानच्या एका गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून निकितिनचा धर्मही वाचला आणि घोडाही. हा असदखान कोणाचा माणूस, तर निकितिन लिहितो, ‘मेलिकतुचार’चा. वाचणाऱ्याला ते माणसाचे नाव वाटते. पण ती पदवी आहे : मलिक-उत्-तुज्जार, व्यापाऱ्यांचा राजा. त्या वेळी ती बहमनी वजीर महमूद गावान याच्याकडे होती. त्याच्या आधी खलफ हसन नावाच्या व्यापाऱ्यालाही तीच पदवी मिळाली होती. आता कोणी पदवीलाच नाव समजून या दोघांचा एक माणूस केला, तर एकाची लढाई दुसऱ्याच्या नावावर जाईल आणि हा गृहस्थ भलताच दीर्घायुषी ठरेल! (जुन्नरजवळच्या सौदागर घुमटातला ‘सौदागर’ म्हणजेही व्यापारीच, पण तो शब्द फारसीतून आलेला.)

येथे एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. ‘निजाम-उल्-मुल्क’ मध्ये ‘उल्’ आणि ‘मलिक-उत्-तुज्जार’ मध्ये ‘उत्’ का? दोन्हीकडे शब्द एकच आहे, ‘अल्’. इंग्रजीतल्या ‘द’ सारखा तो नामाच्या आधी लागतो. (त्याच्या जागी ‘उ’ ऐकू येतो तो आधीच्या शब्दाच्या शेवटचा.) अरबीच्या २८ अक्षरांपैकी १४ अक्षरे अशी आहेत की ती पुढे आली म्हणजे ‘ल्’ आपले रूप सोडून त्यांचेच रूप घेतो. त, द, न, र, स, श ही त्यांतली काही. सूर्य म्हणजे ‘शम्स’ हा शब्द या गटातला, म्हणून ही सूर्याक्षरे. उरलेली १४ ती चंद्राक्षरे, कारण चंद्र म्हणजे ‘कमर’ याच्या आधी ‘ल्’ जसाच्या तसा राहतो. संस्कृतातला संधी आठवा. तत् + लीन = तल्लीन. तेथे त् चा ल् होतो, येथे नेमके उलटे. हैदराबादच्या पहिल्या निजामाचे नाव कमरुद्दीन, त्यातला ‘ल्’ही असाच पुढच्या ‘द’ मध्ये विरला आहे.

पण हा ‘ल्’ फक्त उच्चारात विरतो, लिहिताना लिहितातच. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला महाकाय रेडिओ दुर्बिणीचे केंद्र आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण. तिच्या परिसरात रात्री आकाशाकडे पाहिलेत, तर श्रवण आणि रोहिणी हे तारे ऋतुमानाप्रमाणे दिसतील. पाश्चात्त्य नकाशांत त्यांची नावे अल्टेअर आणि अल्डेबरन. दोन्ही अरबी : पहिले ‘उडणारा’, दुसरे ‘मागून येणारा’. अरब माणूस ही नावे अत्-ताइर आणि अद्-दबरान अशी उच्चारील. मग ‘ल्’ कोठून आला? युरोपातल्या पंडितांनी ही नावे ग्रंथांत वाचून घेतली, म्हणून अक्षर जसे होते तसे उतरले. निकितिनने ‘मेलिकतुचार’ जुन्नरच्या बाजारात कानाने ऐकून घेतले, म्हणून त्याच्या लिखाणात ‘ल्’ नाही. एखादे नाव डोळ्यांनी प्रवास करून आले की कानांनी, हे असे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते.

आता ‘निजाम-उल्-मुल्क’, म्हणजे राज्याची व्यवस्था लावणारा. या पदवीचे तीन धनी लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला सेल्जूक तुर्कांचा इराणमधला वजीर. त्याच्याच काळात उमर खय्याम आणि इतर ज्योतिर्विदांनी तिकडची कालगणना सुधारली. या वजिराचा १०९२ साली खून झाला. दुसरा बहमनी दरबारातला मलिक हसन. त्याचा मुलगा मलिक अहमद जुन्नरला अधिकारी होता. बापाच्या मृत्यूनंतर त्याने ती पदवी घेतली आणि १४९० साली स्वतंत्र राज्य केले. ती आपली निजामशाही. १४९४ साली त्याने आपल्या नावाचे अहमदनगर वसवले (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर आहे). ही निजामशाही १६३६ साली संपली. तिसरा धनी तो कमरुद्दीन, ज्याने १७२४ साली हैदराबादला सत्ता स्थापली. म्हणजे शिवनेरीचा निजाम आणि हैदराबादचा निजाम यांच्यामध्ये सुमारे ९० वर्षांची पोकळी आहे. परीक्षेच्या पेपरात मलिक अंबरला हैदराबादच्या चाकरीत पाठवू नका.

मलिक अहमदच्या घराण्याला ‘बहरी’ असेही म्हणत. अरबीत ‘बहर’ म्हणजे समुद्र किंवा मोठी नदी, आणि इजिप्तमध्ये १२५० ते १३८२ या काळात बहरी मामलुकांचे राज्य होते. त्यांची छावणी नाईलमधल्या बेटावर होती म्हणून ते बहरी. लेखन एकच, मग हे इजिप्तहून जुन्नरला आले का? मुळीच नाही. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो की मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, त्याचे नाव तिमाभट आणि बापाचे नाव भैरव. या ‘भैरव’चा दरबारी तोंडात ‘बहरी’ झाला. शिकारी ससाण्यालाही ‘बहरी’ म्हणत, त्यामुळे नाव शोभूनही दिसले असेल. नावाचा पोशाख अरबी, पण माणूस गोदावरीकाठचा!

याच्या उलट मलिक अंबर. त्याच्या काळात जुन्नर काही वर्षे निजामशाहीची राजधानी होते. ‘अंबर’ वाचून तुम्हाला आकाश आठवेल, पण तो संस्कृत शब्द वेगळा. हा अरबी ‘अंबर’ म्हणजे एका जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा सुगंधी पदार्थ. गुलामांना सुवासाची आणि रत्नांची नावे देण्याची चाल होती : अंबर, काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. इथिओपियात जन्मलेल्या आणि गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या मुलाचे आईबापांनी ठेवलेले नाव चापू होते. देवगिरीवर चाल करून आलेला मलिक काफूर आणि इजिप्तवर राज्य करून ९६८ साली वारलेला काफूर हेही असेच गुलामगिरीतून वर चढलेले. या तिघांना जोडणारा धागा रक्ताचा नाही, बाजाराचा आहे.

जाता जाता एक कोडे. मालक, मुलूख, मलिक, माल. यांतल्या एका शब्दाचा सांगाडा ‘म-ल-क’ नाही. कोणता? उत्तर : माल. त्याचे अरबीतले अनेकवचन ‘अम्वाल’. एकवचनात लपलेला ‘व’ तेथे वर येतो, म्हणून त्याचा सांगाडा ‘म-व-ल’. आता हुकूम, हाकिम, हकीम आणि अंमल, मामला, मामलेदार या दोन गटांचे सांगाडे तुम्ही काढा. एक सूचना : मामलेदारातला ‘दार’ फारसी आहे, तो आधी बाजूला ठेवा. आणि ‘अंमल’चा पहिला अ आपल्याला स्वर वाटतो, पण अरबीत तेथे घशातून उच्चारायचे एक व्यंजन आहे, त्यालाही मोजा.