चार दिवसांचा पाहुणा : गावचे घर पर्यटकांस देणाऱ्यांसाठी काही सूचना

आपल्या न्यासाच्या सभासदांत असे कुटुंब विरळाच असेल, की ज्याचे एखादे जुने घर गोव्यातील कोणत्या ना कोणत्या गावी कुलूप लावून उभे नाही. मुले मुंबईस, बंगळुरूस किंवा परदेशी. घर उघडते ते चतुर्थीला. माटोळी बांधली जाते, पाच दिवस घर गजबजते आणि विसर्जनानंतर पुन्हा कुलूप. पुढच्या जूनमध्ये एखादे कौल सरकते, तेथून पाणी वाशावर उतरते, वाळवीला वाट मिळते; आणि तिसऱ्या वर्षी सुतार येतो तो दुरुस्तीचा नव्हे, तर अर्धे छप्पर नवे करण्याचा आकडा सांगतो. घर माणसांच्या वावराने टिकते, हे वडीलधाऱ्यांचे बोलणे किती खरे होते ते अशा वेळी कळते.

म्हणून हल्ली पुष्कळ सभासद विचारतात, की हे घर पर्यटकांस दिवसाच्या भाड्याने द्यावे काय? आम्ही फोंडे तालुक्यातील आमचे जुने घर काही वर्षे असे देत आहो. त्यात थोडे मिळविले, थोडे गमाविले आणि बरेच शिकलो. ते शिकलेले येथे क्रमाने मांडीत आहो.

नवी गोष्ट नव्हे

परक्या माणसास चार दिवस निवारा देणे ही आपल्या समाजास नवी गोष्ट नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या अमलाखालील गावांतून अनेक कुलदेवता नदीपलीकडे अंत्रुज महालात नेण्यात आल्या. त्यानंतर दूरदूरचे कुळावी दर्शनास येत राहिले, त्यांच्या मुक्कामासाठी देवळांच्या आवारात अग्रशाळा झाल्या. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथे आपल्यापैकी कोण राहिले नसेल? तेथे खोली साधी, पण नियम स्पष्ट. पाणी कोठे, जेवण केव्हा, दार कधी बंद होणार, हे पाहुण्यास आल्याबरोबर कळे. आजच्या होमस्टेचे मर्मही तेच आहे. पाहुणा पैसे देतो म्हणून तो पाहुणा राहत नाही असे नाही. आणि तो पाहुणा आहे म्हणून व्यवहार मोघम ठेवावा असेही नाही.

प्रथम घरातल्यांची संमती

गोव्यातील जुनी घरे बहुधा एकट्याची नसतात. वडिलांच्या पश्चात भाऊ, बहिणी आणि त्यांचे वारस असे अनेक वाटेकरी असतात. शिवाय येथील नागरी कायद्याप्रमाणे बहुतेक विवाहांत पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. तेव्हा गादी घेण्यापूर्वी कागद करावा. सर्व वाटेकऱ्यांची लेखी संमती, खर्च कोणी करावयाचा, शिल्लक कशी वाटावयाची, हिशेब कोण ठेवणार, आणि चतुर्थी, शिगमो, जत्रा या दिवसांत घर कुटुंबासाठीच राहील, हे सारे त्यात लिहावे. पाहुण्यांच्या पैशापेक्षा भावांतील गोडवा मोठा. तो गृहीत धरण्यापेक्षा लिहून ठेवलेला बरा. फ्लॅट असल्यास सोसायटीची परवानगीही आधीच घ्यावी.

हिशेबाची रीत

या धंद्यात पुष्कळांची फसगत होते ती येथे. रात्रीचे भाडे गुणिले तीनशे पासष्ट असा हिशेब मनात मांडून लोक कर्ज काढतात. आमची रीत पुढे देतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

समजा, दोन खोल्यांचे घर रात्री २,५०० रुपयांस दिले आणि वर्षात १०० रात्री भरल्या. जमा २,५०,००० रुपये. आता खर्च पाहा. आरक्षण आणून देणाऱ्या ऑनलाइन मध्यस्थाचे कमिशन १५ टक्के धरले तर ३७,५०० रुपये. सरासरी मुक्काम दोन रात्रींचा, म्हणजे ५० मुक्काम. प्रत्येक वेळी सफाई व धुलाई ५०० रुपये, एकूण २५,०००. वीज, पाणी, गॅस व न्याहारी रात्रीस ४०० प्रमाणे ४०,०००. इंटरनेट महिना ८०० प्रमाणे ९,६००. घराकडे रोज फेरी मारणाऱ्या माणसास महिना ४,००० प्रमाणे ४८,०००. गाद्या, चादरी, भांडी, पंखे यांच्या झिजेपोटी २०,०००. छप्पर, रंग व किरकोळ दुरुस्ती ४०,०००. एकूण खर्च २,२०,१०० रुपये; शिल्लक २९,९००. तीही आयकरापूर्वी, आणि आपल्या श्रमाचे मोल न धरता.

हा आकडा पाहून कोणी निराश होईल. आम्ही होत नाही. कारण दुरुस्तीचे ४०,००० रुपये पूर्वी आमच्या खिशातून जात, ते आता घरच घराला देते. आमच्या मते खरी मिळकत ती. याच हिशेबात प्रत्येक मुक्काम एकेका रात्रीचा धरला, तर सफाईचा खर्च दुप्पट होऊन शिल्लक ४,९०० रुपयांवर येते. म्हणून कमीत कमी दोन रात्रींची अट घालावी.

पहिल्या वर्षी कर्ज काढू नये. एकच खोली नीट करून सुरुवात करावी. गोव्याचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत. त्यातही नाताळ व नवे वर्ष या दिवसांचा दर पाहून बारा महिन्यांचे स्वप्न रंगवू नये.

घराची तयारी

पाहुणा शोभा पाहून येतो, पण समाधान पावतो ते कोरडी चादर, स्वच्छ न्हाणीघर, पाण्याची धार आणि शांत झोप यांनी. प्रत्येक पलंगास चादरींचे तीन जोड हवेत. एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा चौथाही हवा. गाद्यांवर पाणी न शिरणारे आच्छादन घालावे. पाहुण्याने सकाळी अकरास खोली सोडावी व नव्याने दुपारी दोननंतर यावे. मधले तीन तास सफाईचे. ते कोणाच्याही आग्रहास्तव कमी करू नयेत.

सुरक्षिततेच्या चार गोष्टींत मात्र काटकसर नको. पहिली गोष्ट विजेची. जुन्या घरांत अर्थिंग नसते किंवा नावापुरते असते. जाणत्या वायरमनकडून ते तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा, म्हणजे विजेचा धक्का बसू लागताच प्रवाह तुटतो. दुसरी गोष्ट गॅस गिझरची. तो बंद न्हाणीघरात कधीही नसावा. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निर्माण होऊ शकतो आणि माणूस आत बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत तरी बसवावा, किंवा विजेचा घ्यावा. तिसरी गोष्ट विहिरीची. शहरातील मुलांनी विहीर पाहिलेली नसते. वर लोखंडी जाळी हवीच. चौथी म्हणजे अग्निशामक नळकांडे, विजेरी आणि औषधांची पेटी. भिंतीवर ठळक अक्षरांत १०८ व ११२ हे क्रमांक, जवळच्या इस्पितळाचे नाव आणि आपला फोन लिहावा. पावसाळ्यात रात्री अंगणात विजेरीवाचून उतरू नये, पायाखाली जनावर असू शकते, आणि जून ते सप्टेंबर समुद्रात पोहू नये, हेही तेथेच लिहावे.

सेप्टिक टाकी दहा माणसांच्या वापरास पुरणारी आहे काय, हे गिऱ्हाईक येण्यापूर्वी पाहावे. आमची पुरली नाही, आणि ते आम्हांस नाताळच्या दिवशी कळले!

पाहुण्याशी व्यवहार

जाहिरातीत घर आहे तसे दाखवावे. घराजवळून रस्ता जात असेल, समुद्र तासाभराच्या अंतरावर असेल, खोलीत वातानुकूलन नसेल, तर तसे आधीच सांगावे. आधी सांगितलेली उणीव पाहुणा सोसतो. येऊन कळलेली उणीव त्यास फसवणूक वाटते. किती माणसे, किती रात्री, आगाऊ रक्कम किती, रद्द केल्यास परत किती, हे सर्व लेखी पाठवावे. एकाहून अधिक ठिकाणी जाहिरात असेल तर सर्वांची दिनदर्शिका जोडून घ्यावी, नाही तर एकाच खोलीसाठी दोन कुटुंबे सामानासह दारात उभी राहतात.

पाहुण्याचे स्वागत शक्यतो स्वतः करावे. पेलाभर कोकम सरबत द्यावे, घर दाखवावे, नियम दोन वाक्यांत सांगावे आणि मग त्यास मोकळे सोडावे. वारंवार डोकावू नये. काही फुटले तर लगेच त्रागा करू नये. झिजेचा खर्च आपण हिशेबात धरलेलाच आहे. आजीच्या पितळी समया व फोटो मात्र कुलुपात ठेवावेत. ज्याचे मोल पैशांत होत नाही, ते भाड्याच्या खोलीत नसावे.

शेजार

आता आमच्या चुकीविषयी. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात चौघांचे आरक्षण होते. आले आठ. आम्ही मडगावी, फोनवर बोलून किल्ली द्यावयास सांगितली. ती किल्ली वडिलांच्या वेळेपासून शेजारच्या घरी असे. त्या रात्री पाहुण्यांनी बल्कांवावर मोठ्याने गाणी लावली, ती एकपर्यंत चालली. शेजारच्या घरात तेव्हा आठच दिवसांपूर्वी आजी वारल्या होत्या. आम्हांस ते ठाऊक होते. पाहुण्यांस सांगावे हे सुचले नाही.

शेजारी भांडावयास आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाच्या हाती किल्ली मडगावी पाठविली, एवढेच. आम्ही तसेच गावी गेलो, त्यांच्या पडवीत बसलो. ते म्हणाले, “पाहुणे तुमचे होते, रात्र मात्र आमची होती.” यावर आम्हांस उत्तर नव्हते. किल्ली पुन्हा त्यांच्या खुंटीवर जाण्यास पुढे वर्ष लागले.

त्यानंतरचे आमचे नियम येणेप्रमाणे. ठरल्यापेक्षा एकही माणूस अधिक नाही. रात्री दहानंतर घराबाहेर आवाज नाही; रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर निर्बंध घालणारे केंद्र सरकारचे नियम २००० सालापासून आहेतच. मोटारी आपल्याच आवारात. कचऱ्याची ओला व सुका अशी वर्गवारी. शेजारी मंगल वा अशुभ कार्य असेल तर पाहुण्यास त्याची कल्पना द्यावी. आणि दुःखाचे घर अगदी भिंतीला भिंत लागून असेल तर ते दिवस आरक्षणच घेऊ नये. धुलाई, न्याहारी, नारळ, भाजी ही कामे वाड्यावरच द्यावीत. वाड्यास चार पैसे मिळाले आणि मान राहिला, म्हणजे आपल्या गैरहजेरीत घराकडे दहा डोळे लागलेले असतात. दाराशी बसविलेला कॅमेरा ते काम करू शकत नाही.

सरकारदरबारी

गोव्यात पर्यटकांस घर द्यावयाचे तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीवाचून सुरुवात करू नये. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल, तर एक ते सहा खोल्यांसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची न्याहारी-निवासाची योजनाही आहे. तीत रौप्य व सुवर्ण अशा दोन श्रेणी असतात.

प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करावी. आधारची प्रत घ्यावयाची झाल्यास शेवटचे चार आकडेच दिसतील अशी मागावी. पाहुणा परदेशी असेल तर तो आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. लोक यास सी-फॉर्म म्हणत आले आहेत. यात हयगय करू नये. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे, आणि रात्रीस ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे. आपली उलाढाल मर्यादेच्या आत असली, तरी ऑनलाइन मध्यस्थामार्फत आलेल्या आरक्षणावर तो कर मध्यस्थ भरतो. तेव्हा कमिशन व कर यांचे कागद जपून ठेवून वर्षातून एकदा कर सल्लागारास दाखवावेत. घराचा विमा असेल तर भाड्याने दिल्यावर तो लागू राहतो काय, हे कंपनीस लेखी विचारावे.

शेवटी एवढेच

हा व्यवसाय सर्वांसाठी नाही. ज्यास गावी आठवड्यातून एकदा जाणे शक्य नाही, ज्याच्या वाटेकऱ्यांत एकमत नाही, किंवा ज्यास झटपट पैसा हवा आहे, त्याने या वाटेस जाऊ नये. त्याने एखाद्या चांगल्या कुटुंबास घर वर्षाच्या कराराने द्यावे. तेही घर जगविणेच होय. पण ज्यास आपल्या आजोबांचे घर उभे राहावे असे मनापासून वाटते आणि त्यासाठी नियम पाळण्याची तयारी आहे, त्याने एका खोलीने अवश्य आरंभ करावा.

गेल्या चतुर्थीस आमची नातवंडे आली तेव्हा छप्पर गळत नव्हते, न्हाणीघरात पाणी होते, आणि किल्ली शेजारच्या खुंटीवरून मिळाली. चार दिवसांच्या पाहुण्यांनी एवढे दिले. त्याहून अधिकाची आमची अपेक्षा नाही.