आईबापांचा गुन्हा आणि मुलाचा हक्क

डिसेंबर २०१२ मध्ये ओस्लो येथील न्यायालयाने एका भारतीय दांपत्याला आपल्या सात वर्षांच्या मुलाला वारंवार मारल्याबद्दल व धमकावल्याबद्दल दोषी ठरवले. वडिलांना १८ महिन्यांची आणि आईला १५ महिन्यांची कैद झाली. नॉर्वेत मुलांना मारण्यास १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. बातमी येताच आपल्या देशात दोन तट पडले. मुलाला धाक दाखवणे हा आपल्या घरांचा रिवाज आहे, परक्या सरकारने त्यात नाक खुपसू नये, असे एका बाजूचे म्हणणे होते. ज्या देशात राहायचे त्या देशाचा कायदा पाळला पाहिजे, असे दुसरी बाजू म्हणत होती. या सगळ्या वादात त्या सात वर्षांच्या मुलाविषयी मात्र फारच थोडे बोलले गेले.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. रत्नागिरी-रायगडातील आणि मुंबईतील असंख्य मुस्लिम कुटुंबे आखातात व ब्रिटनमध्ये राहतात. ब्रिटनच्या २००७ च्या कायद्यानुसार परदेशी नागरिकाला १२ महिने वा त्याहून अधिक कैद झाली तर काही अपवाद वगळता त्याची हद्दपारी ठरलेलीच असते. त्यामुळे अशा घरांतून प्रश्न येतात. आईबाप व मुले यांच्यामध्ये पडण्याचा राज्यसत्तेला अधिकार आहे काय? शिक्षा किती असावी? आणि शिक्षा भोगून झाल्यावर त्या माणसाला देशाबाहेर काढणे न्यायाचे आहे काय? या प्रश्नांना शरिअतच्या प्रकाशात उत्तर शोधायचे तर आधी एक मोठा गैरसमज दूर करावा लागतो.

मुलाच्या बदल्यात बापाचा जीव घेतला जात नाही, या आशयाची हदीस तिर्मिजी व इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. काही मंडळी ती ऐकतात आणि असा अर्थ लावतात की बापाने मुलाचे काहीही केले तरी शरिअत त्याला हात लावत नाही. हा अर्थ साफ चुकीचा आहे. हदीसचा संबंध केवळ किसासशी, म्हणजे जिवाच्या बदल्यात जीव या शिक्षेशी आहे. बहुसंख्य इमामांनी बापाला किसासमधून वगळले, हे खरे. पण त्याच इमामांनी त्याच्यावर दियत म्हणजे रक्तमूल्य आणि ताजीर म्हणजे न्यायाधीशाने ठरवलेली शिक्षा कायम ठेवली. इमाम मालिक (रह.) तर आणखी पुढे जातात. बापाने ठरवून, आडवे पाडून मुलाचा गळा चिरला असेल तर त्याला किसासही लागू होतो, असे त्यांचे मत आहे.

प्रत्यक्षात काय घडले ते ‘मुवत्ता’त नोंदलेले आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत बनू मुदलिज कबिल्यातील कतादा नावाच्या माणसाने रागाच्या भरात मुलाच्या दिशेने तलवार फेकली. ती पायाला लागली, रक्त थांबेना आणि मुलगा मरण पावला. हजरत उमर (रजि.) यांनी बापाकडून १०० उंट वसूल केले. त्यांतील ४० गाभण उंटिणी होत्या. मग मृत मुलाचा भाऊ कुठे आहे, अशी त्यांनी विचारणा केली आणि ते सारे उंट त्याच्या हवाली केले. बाप एरवी मुलाचा वारस ठरला असता, पण त्याला एक उंटही मिळाला नाही, कारण मारणाऱ्याला मारलेल्याच्या मालमत्तेत वाटा नसतो. घरातली गोष्ट घरात मिटवा, असे खलिफांनी म्हटले नाही. बापाला रागाचा झटका आला होता, ही सबबही चालली नाही.

नमाजसाठी दहाव्या वर्षी मारण्याची हदीस अनेकजण पुढे करतात. ती अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. मात्र तिच्या आधी तीन वर्षे केवळ सांगण्याचा, समजावण्याचा काळ आहे, हे ते विसरतात. फुकहांनी त्या मारालाही कुंपण घातले आहे. चेहऱ्यावर मारायचे नाही, वळ वा जखम उठू द्यायची नाही, राग काढण्यासाठी मारायचे नाही. स्वतः पैगंबर (स.) यांनी युद्धप्रसंग सोडता कोणावर, स्त्रीवर वा सेवकावरही कधी हात उचलला नाही, ही हजरत आएशा (रजि.) यांची साक्ष सहीह मुस्लिममध्ये आहे. जळता चमचा, पट्टा, उपाशी ठेवणे, अंधाऱ्या खोलीत कोंडणे यांना त्या हदीसच्या छायेत जागा नाही.

तेव्हा राज्यसत्तेला हस्तक्षेपाचा अधिकार आहे. मात्र तो पुराव्याने बांधलेला आहे. २०२१ मध्ये बर्लिन येथील एका भारतीय दांपत्याच्या तान्ह्या मुलीला तेथील बालकल्याण खात्याने ताब्यात घेतले. पुढील वर्षी फौजदारी चौकशी आरोपाविना बंद झाली, तरी मूल घरी परतले नाही. हे प्रकरण आणि ओस्लोचे प्रकरण लोक एकाच तागडीत तोलतात, ते बरोबर नाही. एकात न्यायालयाने गुन्हा सिद्ध झाल्याचे म्हटले, दुसऱ्यात गुन्ह्याचा खटलाच उभा राहिला नाही. संशयापासून दूर राहण्याची सूरह हुजुरातची (४९:१२) आज्ञा येथे आठवावी.

आता शिक्षेविषयी. गामिद कबिल्यातील एक स्त्री पैगंबर (स.) यांच्याकडे आपला गुन्हा कबूल करायला आली. ती गरोदर होती. प्रसूतीनंतर ये, असे सांगून तिला परत पाठवण्यात आले. प्रसूतीनंतर ती आली तेव्हा मुलाचे दूध सुटेपर्यंत थांबण्यास सांगितले गेले. शेवटी ती आली तेव्हा मुलाच्या हातात भाकरीचा तुकडा होता. मुलाला एका मुसलमानाच्या सांभाळात दिल्यावरच शिक्षेचा विषय पुढे गेला. ही घटना सहीह मुस्लिममध्ये आहे. गुन्हा आईचा, गुन्ह्याची कबुली स्पष्ट, तरी शिक्षेची वेळ ठरली ती मुलाच्या दुधावरून. एकाचे ओझे दुसरा वाहणार नाही, हे सूरह अनआमचे (६:१६४) तत्त्व येथे कृतीत उतरलेले दिसते.

हद्दपारीचा प्रश्न याच तत्त्वावर तपासावा. शरिअतला हद्दपारी अनोळखी नाही. काही गुन्ह्यांत एक वर्षाची हद्दपारी हदीसमध्ये आली आहे. शाफई फुकहा, म्हणजे आपल्या कोकणातील बहुतेकांचे इमाम, तिला शिक्षेचाच भाग मानतात, तर हनफी फुकहांच्या मते ती शासकाच्या विवेकावर सोडलेली आहे. हनफी ज्या घटनेचा आधार घेतात ती बोलकी आहे. हजरत उमर (रजि.) यांनी रबीआ बिन उमय्या याला मद्यपानाबद्दल खैबरला हद्दपार केले. तो तेथून निसटून रोमन सम्राटाला जाऊन मिळाला आणि त्याने धर्मही सोडला. यापुढे कोणाही मुसलमानाला हद्दपार करणार नाही, असे खलिफांनी तेव्हा ठरवले. शिक्षेचा परिणाम उलटा होतो हे दिसल्यावर त्यांनी ती बदलली.

आपल्याकडे पोलीस कायद्यानुसार गुंडाला तडीपार करतात. लालबागमधून त्याला काढले की लालबाग शांत होते. तो जिथे जाऊन राहतो तिथल्या लोकांना मात्र कोणी विचारत नाही. मुलांना छळणाऱ्या बापाला विमानात बसवून दिले की तेच घडते. तो गावच्या घरी उतरतो. त्या घरात पुतणे असतात, भाच्या असतात. त्याने काय केले हे गावात कोणालाच ठाऊक नसते. एखाद्या वेळी बायको-मुलांचा परवानाच त्याच्या नोकरीवर अवलंबून असतो आणि मार खाल्लेले मूल मारणाऱ्याच्याच शेजारच्या आसनावर बसून परत येते. अशी हद्दपारी गुन्हेगाराची नसून मुलाची झाली. दुसरीकडे, मुलाचे पालनपोषण करणारे चांगले हात त्या देशात असतील आणि बाप दूर गेल्यानेच त्याला झोप लागणार असेल, तर त्या हद्दपारीला विरोध करण्याचे कारण नाही. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने टांझानियाच्या एका आईच्या प्रकरणात, आईच्या वर्तनाचा दोष मुलांवर टाकता येणार नाही व त्यांच्या हिताला प्रथम वजन द्यावे लागेल, असे म्हटले. भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क करारातही हद्दपारीमुळे ताटातूट झाल्यास आईबाप कुठे आहेत हे मुलाला कळवण्याची तरतूद आहे. बापावरचे पोषणाचे कर्तव्य तर सीमेवर थांबत नाही. तो जिथे असेल तिथून त्याने नफका दिला पाहिजे.

परदेशाविषयी बोलताना आपली गल्ली विसरून चालणार नाही. परळच्या वाडिया रुग्णालयासारख्या ठिकाणी मूल जिन्यावरून पडले असे सांगून आणले जाते आणि डॉक्टरांना दुसरेच काही दिसते. आपल्या बालन्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार ताब्यातील मुलावर क्रूरता केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे, मूल अपंग झाल्यास ती दहा वर्षांपर्यंत जाते. अंतर्भेदी लैंगिक अत्याचार नातेवाइकाने केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षे. अशा अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. १०९८ हा मदतीचा क्रमांक १९९६ मध्ये आपल्याच मुंबईत सुरू झाला.

तरी घरात कुजबुज होते: पर्दापोशी करा, अल्लाह ऐब झाकणाऱ्याचे ऐब झाकतो. ती बशारत माणूस आणि अल्लाह यांच्यामधल्या चुकीसाठी आहे. जिथे तिसऱ्याचा हक्क मारला गेला आहे, तिथे झाकणारा त्या मुलाच्या अंगावरचे वळ झाकत असतो. न्यायावर ठाम राहा, मग साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध वा नातलगांविरुद्ध का असेना, असे सूरह निसा (४:१३५) सांगते.

बाप तुरुंगात गेला तर खोलीचे भाडे कोण भरणार, ही आईची भीती मात्र खोटी नाही. अनेक आया केवळ त्या भीतीने गप्प बसतात. तिथे जमातीचे काम सुरू होते. अशी आई व मुले गरजू असतील तर जकातीस पात्र आहेत, आणि त्यासाठी बापाची सुटका होण्याची वाट पाहावी लागत नाही.

इमामांकडे आणखी एक मागणी येते. आरोपी नमाजी आहे, शरीफ आहे, असे पत्र जामिनासाठी लिहून द्या. मखजूम कबिल्यातील चोरी करणाऱ्या स्त्रीसाठी हजरत उसामा (रजि.) रदबदली करायला गेले तेव्हा पैगंबर (स.) किती नाराज झाले, हे बुखारीत वाचायला मिळते. तो माणूस जुम्याला येतो एवढेच मला ठाऊक असेल, तर पत्रात तेवढेच येईल. घरी मुलांशी तो कसा वागतो याची साक्ष मला देता येणार नाही, कारण ते मी पाहिलेले नाही. ज्यांनी ते पाहिले आहे, त्या मुलांना अजून कोणी विचारलेले नसते.