मिनिटाला किती खोकी?

सालवड हे पालघर जिल्ह्यातल्या तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून वसलेलं गाव. रसायनं, औषधं, कापड, पोलाद असा इथल्या कारखान्यांचा माल खोक्यांत, गोणींत, पिंपांत भरला जातो आणि त्यातला बराचसा आजही माणसाच्या हातांनीच गाडीत चढतो. जव्हार-डहाणू-तलासरीकडची पोरं, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले तरुण या कामाला लागतात. त्याला प्रमाणपत्र लागत नाही. मुकादम अंगकाठी पाहतो आणि पाळीला उभं करतो. शिकवणी म्हणून बहुतेकदा एकच वाक्य मिळतं : बाकीचे करतात तसं कर.

नव्या माणसाला हेच वाक्य महागात पडतं.

बोईसरच्या एका गोदामात आता माल मोजून घेण्याचं काम करणारे पन्नाशीतले एक काका नव्या पोरांना स्वतःची हकिकत आवर्जून सांगतात. तरुणपणी ते भरणीच्या टोळीत लागले. मजुरी नगावर, आणि ती टोळीत सारखी वाटली जायची. आपल्यामुळे इतरांचे पैसे बुडू नयेत म्हणून पहिल्याच आठवड्यात ते जुन्या गड्यांच्या वेगानं खोकी उचलू लागले. जुने गडी पाय वळवून फिरत होते. काका पाय रोवून नुसती कंबर वळवत होते. वेग तेवढा दिसला, पायांकडे लक्ष गेलं नाही. एका दुपारी कमरेत चमक भरली. कुणाला न सांगता त्यांनी पाळी पूर्ण केली, दुसऱ्या दिवशीही कामावर गेले. मग कळ डाव्या पायात उतरली आणि पाऊल बधिर झालं. कित्येक महिने अंथरुणात गेले. ठेकेदार म्हणाला, हे घरीच झालं असणार. आणि कामावर झाल्याची कुठंच नोंद नव्हती.

काकांच्या कमरेचं गणित समजून घेण्यासारखं आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवरून ओढ घेतात. हातातलं खोकं मणक्यापासून अर्धा मीटर पुढे असेल, तर त्याला तोलण्यासाठी स्नायूंना त्याच्या आठ-दहा पट जोर लावावा लागतो. दहा किलोचं खोकं लांब धरलं की पाठीवर ऐंशी-शंभर किलोंची ओढ, आणि वाकलेल्या धडाचं वजन वेगळं. म्हणून आधी खोकं पोटाशी ओढून घ्यायचं, मग उचलायचं. वळायचं ते पावलं टाकून.

वेगाचं गणित याहून डोळे उघडणारं आहे. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेनं वजन उचलण्यासाठी एक सूत्र तयार केलं आणि १९९१ मध्ये ते सुधारलं. सगळी परिस्थिती उत्तम असेल, म्हणजे खोकं अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, धरायला चांगली पकड आणि अधूनमधूनच उचलायचं, तर ते २३ किलोंची मर्यादा सांगतं. मिनिटाला सहा खोकी या गतीनं तासभरच काम असेल, तर मर्यादा सुमारे १७ किलोंवर येते. हीच गती आठ तास ठेवायची म्हटली, तर जेमतेम सहा किलो! खोकं तेच, माणूस तोच. घड्याळानं वजन वाढवलं. मुकादमांनी हे आकडे भिंतीवर लावावेत. नव्या गड्याला ‘जड उचलू नकोस’ असं सगळेच सांगतात, पण हलकं खोकंही दिवसभर धावत उचललं तर जड होतं, हे त्याला कुणी सांगत नाही.

आपल्याकडे हमालाच्या पाठीचा विचार झालाच नाही असं नाही. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या माथाडींच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. पुढे वाशीच्या बाजारातल्या माथाडींनी ५० किलोंहून जड गोणी उचलणार नाही, अशी भूमिका घेऊन काम थांबवलं. पण वजनाची मर्यादा मागता येते, गतीची मागायला अजून कुणी शिकलेलं नाही. निदान टोळीनं तरी नव्या माणसाला पहिले काही दिवस कमरेच्या उंचीवरची, हलकी खोकी द्यावीत आणि जमिनीवरची व डोक्यावरची जुन्यांनी घ्यावीत. एवढ्यानं कुणाची मजुरी बुडत नाही.

कमरेला पट्टा बांधला की झालं, हा समज पक्का रुजला आहे. ‘नायॉश’नंच १९९४ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा धडधाकट माणसाची पाठ पट्ट्यामुळे दुखापतीपासून वाचते, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. पट्टा बांधून जास्त वजन उचलण्याची हिंमत करणं तर घातकच. पट्ट्याचे पैसे पुढून पोलादी टोपी असलेल्या बुटांवर घालवावेत. चपलेवर भरणी करू नये. बोटातली अंगठी घरी ठेवावी. खिळ्याला किंवा कडीला ती अडकली आणि गड्यानं वरून खाली उडी मारली, तर बोटाची कातडी सोलवटून निघते.

पालघरच्या किनारपट्टीवर एप्रिल-मे महिन्यांत घाम वाळतच नाही, आणि बंद पत्र्याच्या गाडीत तर हवाही हलत नाही. अशा उष्म्यात सवय नसलेला माणूस आधी कोसळतो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याच्या म्हणण्यानुसार कामावरच्या उष्माघाताचे निम्म्याच्या जवळपास मृत्यू कामाच्या पहिल्याच दिवशी होतात आणि सत्तर टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्म्यातलं काम नेहमीच्या एक पंचमांशच द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं, असा तिथला नियम सांगितला जातो. तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पाणी प्यावं. गडी बरळायला लागला, त्याला झोकांड्या जाऊ लागल्या, तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावं आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. ‘जरा पडू दे, बरं वाटेल’ यात जीव जातो.

गाडीपाशी धोका वेगळाच. लांबून आलेल्या गाडीतला माल वाटेत सरकलेला असतो. फाळका किंवा दार उघडताना समोर उभं न राहता बाजूला राहावं. चाकाखाली ठोकळा लागल्याशिवाय हौद्यात चढू नये, आणि मागे येणाऱ्या गाडीच्या व भिंतीच्या मधे कधीच उभं राहू नये. थप्पीतलं खोकं मधून ओढू नये, वरूनच उतरवत यावं. तारापूरच्या मालात आम्लाचे कारबॉय आणि रसायनांची पिंपं असतात. दोनशे लिटरचं भरलेलं पिंप एकट्यानं पेलण्याची वस्तूच नाही. त्याला ट्रॉली हवी. ज्यावर चौकोनी धोक्याचं चिन्ह आहे, ते काय आहे हे विचारल्याशिवाय हात लावू नये. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि लागलं, तर त्याच दिवशी सांगावं. काकांचं सर्वात मोठं नुकसान तिथं झालं. ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा योजना, लागू असलेल्या ठिकाणी पगारातून पाऊण टक्का कापला जातो, आणि कामावरच्या दुखापतीचं संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतं. त्यासाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी, अशी अट नाही. दुखापतीमुळे कामावर जाता आलं नाही, तर मजुरीच्या ९० टक्के भत्ता मिळतो. म्हणून सालवडमध्ये आज कामाला लागलेल्या प्रत्येक पोरानं संध्याकाळी घरी जाण्याआधी मुकादमाला दोन गोष्टी विचाराव्यात : माझा विमा क्रमांक कोणता, आणि अपघाताची नोंदवही कुठे ठेवली आहे?