सागरी मार्ग, इंधन आणि नौदल : मद्रासच्या एका रात्रीचा धडा

परराष्ट्र धोरण म्हटले की राजधानीतील वाटाघाटी व करार डोळ्यांसमोर येतात. तथापि, या धोरणाचा मोठा भाग समुद्रावर ठरत असतो. चेन्नईच्या इतिहासातील एक घटना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

22 सप्टेंबर 1914 रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास 'एमडेन' ही जर्मन युद्धनौका मद्रास बंदरासमोर आली. पार्थसारथी मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले तिरुवल्लिकेणी या बंदराच्या दक्षिणेस, किनाऱ्यालगतच वसलेले आहे. कप्तान कार्ल फॉन म्युलर यांनी मात्र लोकवस्तीवर नव्हे, तर बर्मा ऑइल कंपनीच्या तेलटाक्यांवर नेम धरला. सुमारे 130 तोफगोळे डागण्यात आले, टाक्या पेटल्या आणि अर्ध्या तासाच्या आत नौका अंधारात दिसेनाशी झाली.

हानी थोडी, धास्ती मोठी

प्रत्यक्ष नुकसान मर्यादित होते. परंतु हजारो नागरिकांनी शहर सोडले, बंगालच्या उपसागरातील जहाज वाहतूक विस्कळीत झाली आणि सागरी विम्याचे दर चढले. व्यापाराला केवळ बुडालेले जहाज महाग पडत नाही. बुडण्याची शक्यताही तितकीच महाग पडते. तमिळ भाषेत धाडसी व चलाख माणसाला 'एमडन' म्हणण्याचा प्रघात याच घटनेतून पडला.

इंधनाचे परावलंबन

शत्रूचे तेल पेटविणारी ही नौका स्वतः कोळशावर चालत असे आणि जवळपास तिला मित्रदेशाचे एकही बंदर नव्हते. त्यामुळे पकडलेल्या जहाजांतील कोळशावर तिला मोठ्या प्रमाणात विसंबावे लागले. अखेर 9 नोव्हेंबर 1914 रोजी कोकोस बेटांजवळ 'सिडनी' या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेने तिचा पाडाव केला. इंधनाचा खात्रीचा पुरवठा आणि मार्गांचे रक्षण करणारे नौदल ही एकाच नाण्याची दोन अंगे होत, हे यावरून स्पष्ट होते.

आजचा संदर्भ

भारत आपल्या गरजेपैकी 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. म्हणूनच 2008 पासून भारतीय नौदल एडनच्या आखातात चाचेगिरीविरोधी गस्त घालत आले आहे, तर 2019 मध्ये ओमानच्या आखातात 'ऑपरेशन संकल्प' सुरू करण्यात आले. विशाखापट्टणम, मंगळूरु व पादूर येथे एकूण 53.3 लाख टन क्षमतेचे भूमिगत तेलसाठेही उभारण्यात आले. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. भाडे, विमा आणि प्रवासाचे दिवस हे तिन्ही वाढले.

ग्राहकांसाठी बोध

आयात-निर्यात करणाऱ्या ग्राहकांनी मालाचा सौदा करताना भाडे व विम्याचा भार कोणावर आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. 'एफओबी' पद्धतीत तो खरेदीदार सोसतो. 'सीआयएफ' पद्धतीत विक्रेता विमा उतरवतो खरा. परंतु त्याने किमान संरक्षण घेतले असल्यास त्यात युद्धजोखमीचा समावेश नसतो. ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. पतपत्र उघडण्यापूर्वीच याची खातरजमा करावी. जहाज सुटल्यानंतर ती करण्यात अर्थ उरत नाही.