हाताला जमेल तो गिअर

अपघातात खांद्याच्या नसा दुखावल्या, तेव्हापासून माझा डावा हात हँडलवर नुसता टेकलेला असतो. तोलाचा प्रश्न तीनचाकी सायकलने सोडवला. गिअर मात्र सगळे उजव्याच हाताने बदलायचे होते. पुण्यातल्या वाघोलीच्या रस्त्यांवर ती चालवता चालवता जे उमगलं, ते हे.

१. गिअर मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक, हा प्रश्न नंतरचा. शिफ्टर कुठे बसवलाय, हे आधी. एरवी पुढच्या गिअरची लिव्हर डाव्या हाताला असते, मागच्याची उजव्या. मी पुढची एकच चकती ठेवली आणि मागे मोठ्या दातऱ्यांचा संच बसवून घेतला. आता एका शिफ्टरवर भागतं. उजवा अंगठा ब्रेकवरची बोटं न हलवता तिथवर पोचतो, हे सुख मोठं आहे.

२. मेकॅनिकल शिफ्टरचा खटका बोटांना कळतो, खाली बघावं लागत नाही. पण तीनचाकीची केबल लांब, वळणं घेत मागे जाते आणि आमच्याकडे खडी क्रशरची धूळ. केबल हळूहळू जड होते आणि पायांच्या आधी अंगठा थकतो. तरी ती स्वस्तात बदलता येते, कोपऱ्यावरचा सायकलवालाही बदलून देतो. हा आधार मी कमी लेखत नाही.

३. एकाला सोयीचं ते दुसऱ्याला नाही. मूठ पिरगाळून चालणाऱ्या शिफ्टरला मनगट लागतं, बोटांची ताकद फारशी लागत नाही. ज्याच्या बोटांत जोर नाही पण मनगट शाबूत आहे, त्याला तोच बरा.

४. शिमानोने २००९ मध्ये डीआय-टू हे इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग आणलं ते शर्यतीच्या सायकलींसाठी. त्याचा खरा अर्थ मला दुबळ्या हातांत दिसला. बटण अलगद दाबलं की मागची मोटर चेन सरकवते. वायरमधून ओढ नाही, विजेचा संदेश जातो, त्यामुळे ती कितीही वळली तरी बटण जड होत नाही. शिवाय वेगळी छोटी बटणं हाताला जमेल तिथे लावता येतात. मात्र चार्जिंग सांभाळावं लागतं. बॅटरी संपली की चेन असेल त्याच गिअरवर राहते. आणि हात थरथरत असेल, तर इतकं हलकं बटण नको तेव्हाही दाबलं जातं.

५. केसनंद फाट्यावरच्या गर्दीने एक धडा पक्का केला. चेन सरकवणारा डिरेलर कोणताही असो, चेन फिरत असेल तरच गिअर नीट पडतो. म्हणून थांबण्याआधीच हलक्या गिअरवर यायचं. ज्याला ही घाई जमत नाही, त्याने चाकाच्या हबमधले गिअर बघावेत. ते उभ्या सायकलवरही बदलतात.

६. माणसाच्या मापाने साधन बनवणं पुण्याला नवं नाही; इथे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. कृत्रिम पाय कुणी दुकानातून तयार उचलून आणत नाही, माणसाचं माप घेऊन तो बनतो. सायकलच्या बाबतीत ही समज अजून आपल्या दुकानांत रुजायची आहे.

तेव्हा सायकलवाल्यांना एवढंच सांगणं: माझ्यासारखं गिऱ्हाईक आलं, तर किमती सांगण्याआधी त्याला सीटवर बसवा आणि हात कुठवर पोचतो ते पाहा. शिफ्टर तिथेच बसवा.