जखम चिघळली हे कसे ओळखावे?

विळा लागणे, पायात खिळा घुसणे, ठेच लागून नख निघणे हे आपल्याकडे रोजचेच. बहुतेक लहान जखमा आठ-दहा दिवसांत भरून येतात. काही मात्र चिघळतात. त्या वेळीच ओळखल्या तर पुढचा मोठा त्रास टळतो.

नवी जखम पहिले दोन-तीन दिवस थोडी लाल दिसते, सुजते, दुखते. तो भरून येण्याच्या क्रियेचाच भाग आहे. त्यानंतर मात्र दुखणे व सूज रोज कमी होत गेली पाहिजे. ती वाढू लागली, जखम ठणकू लागली, पू किंवा घाण वास येऊ लागला, तर जंतुसंसर्ग झाला असे समजावे. लाली, सूज, उष्णता व वेदना ही चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने सुमारे २००० वर्षांपूर्वी नोंदवली. डॉक्टर आजही तीच पाहतात.

लाली पसरते का, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ आखावी. लाली रेघेबाहेर गेली, की डॉक्टरांकडे जावे. थंडी वाजून ताप येणे, जखमेपासून वर लाल रेषा चढणे, जांघेत किंवा काखेत अवधाण येणे, कातडी काळी पडणे, जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त असणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेची जखम महिनाभरात केव्हाही चिघळू शकते. टाके निघाले तरी लक्ष ठेवावे.

घरी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी व स्वच्छ पट्टी बांधावी. शेण, चुना, तंबाखू, राख लावू नये. साठलेला पू नुसत्या गोळ्यांनी जात नाही. डॉक्टरांना चीर देऊन तो काढावा लागतो. संसर्ग आजूबाजूला पसरत असेल तर प्रतिजैविक औषधे देतात. ती दुकानातून मनाने आणू नयेत व सांगितलेले दिवस पूर्ण घ्यावीत.

‘धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले, आता जखम पिकणार नाही’ हा समज चुकीचा आहे. ते इंजेक्शन धनुर्वातापासून वाचवते, पू होणे थांबवत नाही. म्हणून ते घ्यावे आणि जखमेवरही लक्ष ठेवावे.

मधुमेहींनी विशेष जपावे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असल्यास जखम दुखतच नाही. चप्पल चावल्याची साधी जखमही हाडापर्यंत जाऊन पाय कापण्याची वेळ येऊ शकते. म्हणून रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला दिसत नसल्यास घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे. ‘दुखत नाही, म्हणजे बरे आहे’ असे मधुमेहींनी कधीही समजू नये.