झॉम्बीचे गेम, भुईकोट आणि दहा चिंचोके



मूल झॉम्बीचा गेम खेळताना दिसलं की आपण आधी मोबाईल काढून घेतो. एकदा शेजारी बसून बघा. यातल्या काही गेममध्ये गोळीबारापेक्षा हिशोब जास्त असतो.

२००९ चा ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ हा टॉवर डिफेन्स प्रकारातला. शत्रू ठरलेल्या वाटेने येतो, आपण वाटेवर पहारा लावायचा. सुरुवातीला हाती ५० सूर्य. सूर्यफूल ५० चं, ते दर वेळी २५ परत देतं. मटार मारणारं रोप मात्र १०० चं! म्हणजे आधी गुंतवणूक, मग संरक्षण.

२०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘दे आर बिलियन्स’ या स्पॅनिश गेममध्ये याला अख्खी वसाहत जोडली आहे. घरं, शेती, खाणी, वीज, सगळं आपणच उभारायचं. घरांनाही लाकूड लागतं, तटालाही. आणि एक झॉम्बी घरात शिरला, की आतली माणसंच झॉम्बी होऊन शेजारच्या घरावर जातात. साध्या टॉवर डिफेन्समध्ये चुकीची किंमत ठरलेली असते. इथे वस्ती जितकी दाट, तितका शत्रू मोठा. मला हा गेम आवडतो तो यासाठी.

यात मुरलेला खेळाडू आधी तळं, डोंगर कुठे आहे ते बघतो, कारण तिथे भिंत वाचते. आपल्या सोलापूरचा भुईकोट आठवा. सपाट जमीन, म्हणून दुहेरी तट; तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या बाजूला सिद्धेश्वर तलाव.

आता वर्गात करा. प्रत्येकाला दहा चिंचोके द्या. घर तीन चिंचोक्यांचं, पुढच्या फेरीपासून दर फेरीला एक चिंचोका देतं. भिंत दोनची, एक शत्रू अडवते आणि पडते. तिसऱ्या फेरीच्या शेवटी दोन शत्रू येतात, सहाव्या फेरीच्या शेवटी पाच. न अडलेला शत्रू एक घर पाडतो, आणि पुढच्या हल्ल्यात एक शत्रू वाढतो. मी करून पाहिलंय, सहा घरं शाबूत राहू शकतात. पण मग एकही चिंचोका उरत नाही.

(‘दे आर बिलियन्स’ लहानांसाठी नाही, त्यांना सूर्यफुलंच पुरेत.)

नुसती घरंच बांधणारी मुलं तिसऱ्या फेरीत अडकतील. लगेच उत्तर सांगू नका. वहीत फेरीनिहाय जमाखर्च मांडू द्या आणि पुन्हा दहा चिंचोके द्या.